वेलीची तहान मोजायची कशी?

विंचूरला बोलायला उभं राहायचं म्हणजे आम्हाला थोडी धास्तीच वाटते. समोर बसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक सकाळी बागेत फेरी मारून आलेले आहेत, आणि आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. तत्त्वज्ञानाच्या माणसानं द्राक्षबागायतदारांना पाण्याबद्दल काय सांगायचं? पण आजचा प्रश्न आम्हाला दोन्ही बाजूंनी भिडलेला आहे. घर शेतकऱ्याचं, आणि नोकरी ‘आपल्याला एखादी गोष्ट कळली असं आपण कधी म्हणू शकतो’ हे शिकवण्याची. तेव्हा मागच्या व्याख्यानात ठरल्याप्रमाणे आज एकच प्रश्न घेऊ. जिवंत, उभ्या पिकाला पाणी कमी पडतंय की नाही, हे आपल्याला कसं कळतं? आणि कळलं असं वाटतं, तेव्हा ते खरंच कळलेलं असतं का?

सुरुवात आमच्याच चुकीनं करू.

वीसेक वर्षं झाली असतील. गोडी छाटणी होऊन महिना उलटलेला, बाग फुलोऱ्याच्या तोंडावर, आणि दिवाळीत अवकाळी पाऊस लागला. चार दिवस झोडपलं. पाचव्या दिवशी कडक ऊन पडलं. आम्ही सुट्टीला घरी आलेलो. दुपारी दादांबरोबर बागेत गेलो, तर खालच्या अंगाच्या ओळींची पानं मान टाकून उभी होती. दादा म्हणाले, “ऊन लागलंय, कोवळी फूट आहे, पाणी सोडावं का रे?” आम्ही शिकलेले! तत्काळ म्हणालो, “सोडा ना दादा, पानं सांगताहेत तसं.” ठिबक दोन दिवस चालवलं. तिसऱ्या दिवशी पानं कडेनं पिवळी पडायला लागली. मग दादांनी बोदाच्या कडेला कुदळ मारली. खाली नुसता चिखल, त्याला कुजका वास, आणि पांढऱ्या मुळ्या असायला हव्यात तिथे तपकिरी दोरे. खालचा चर बुजलेला होता. पाणी तुंबून मुळांचा श्वास कोंडला होता, आणि आम्ही त्यांना आणखी पाणी पाजत होतो. अर्ध्या एकराचा माल गेला. दादा आम्हाला त्यावरून कधी एक शब्द बोलले नाहीत, म्हणून ते जास्त लक्षात राहिलं.

पान मान टाकतं, त्याचा अर्थ काय?

आता या चुकीकडे तर्कशास्त्राच्या डोळ्यांनी पाहू. न्यायशास्त्रात एक जुनं उदाहरण आहे. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथे आग आहे असं आपण म्हणतो. आग दिसलेली नाही, धूर दिसला. धूर हा हेतू, आग हे साध्य. हे अनुमान चालतं, कारण जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, ही व्याप्ती आपण पारखून घेतलेली असते. पण हेतू जर साध्य नसतानाही सापडत असेल, तर त्याला सव्यभिचार म्हणतात. तो हेतू नव्हे, हेत्वाभास.

पान मान टाकणं हा नेमका असा हेतू आहे. जमीन कोरडी असेल तर पान मान टाकतं. जमिनीत पाणी तुंबलं तरी टाकतं, कारण हवा न मिळालेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. जमिनीत क्षार फार झाले तरी टाकतं, कारण मिठानं पाणी धरून ठेवलेलं असतं. आणि एप्रिलच्या दुपारी दोन वाजता सगळं व्यवस्थित असतानाही काही पिकांची पानं घटकाभर लोंबतात आणि संध्याकाळी पुन्हा उभी राहतात. चार कारणं, खूण एकच. यातल्या पहिल्याच कारणाला पाणी हे औषध आहे. दुसऱ्यात ते विष आहे.

म्हणजे डोळ्याला दिसणारी खूण पुरत नाही, हा पहिला धडा. आणि ती पुरत नाही याला आणखी एक कारण आहे. ती उशिरा येते. पान लोंबायच्या आधीच वेलीचा शेंडा मंदावलेला असतो, बाळी ढिली पडलेली असते, पानांवरची सूक्ष्म छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, अर्धी मिटलेली असतात. वेलीनं खर्च आधीच आवरता घेतलेला असतो.

जमिनीतलं पाणी आणि वेलीतलं पाणी

मग आपण म्हणू, जमीनच मोजू. आपल्याकडे त्यासाठी वाफसा हा फार नेमका शब्द आहे. मातीत ओल आहे आणि हवाही आहे, ही दोन्ही एकत्र असण्याची अवस्था. मूठभर माती दाबली की गोळा होतो आणि टाकला की फुटतो, हे आपले वाडवडील बघत आलेच. त्यापुढचं पाऊल म्हणजे टेन्शिओमीटर. मातीच्या सच्छिद्र टोकाची, पाण्यानं भरलेली नळी बोदात रोवायची. माती पाणी ओढते आणि नळीवरच्या घड्याळात ती ओढ सेंटिबारमध्ये दिसते. उत्तम साधन आहे. पण ते साधारण 80 सेंटिबारच्या पुढे चालत नाही, नळीत हवा शिरते. शिवाय ते जिथे रोवलं त्या वितभर जागेचंच सांगतं.

पाणी मोजण्याच्या बाबतीत आपला जिल्हा मागे नाही. ओझरला बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकारानं वाघाड धरणावरच्या शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था उभ्या केल्या आणि कालव्याचं पाणी एकरावर न घेता मोजून, घनमापानं घ्यायला सुरुवात केली. केवढी मोठी गोष्ट आहे ती. इकडे पालखेडच्या डाव्या कालव्याचं आवर्तन कधी सुटणार, यावर आपली वर्षं मोजली जातात. म्हणजे धरणात किती पाणी आहे ते आपण मोजतो. कालव्याच्या दारातून किती गेलं ते मोजतो. ठिबकचा ड्रीपर ताशी किती लिटर टाकतो तेही सांगता येतं. फक्त ज्या वेलीसाठी हा सगळा खटाटोप, तिच्या अंगात पाण्याची काय अवस्था आहे, ते मात्र अंदाजावर. पाण्याचा सगळा हिशेब ताटात वाढेपर्यंतचा आहे. जेवणारा जेवला का, हे कुणी विचारत नाही.

ओढ म्हणजे काय

इथे एक कल्पना नीट समजून घेऊ, ती कळली की पुढचं सोपं आहे. वेलीत किती लिटर पाणी आहे, हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. काळ्या भारी जमिनीत शंभर ग्रॅम कोरड्या मातीमागे वीस ग्रॅम पाणी असूनही पीक सुकू शकतं, आणि मुरमाड-रेताड जमिनीत त्याहून कितीतरी कमी पाण्यावर ते मजेत उभं असतं. काळी माती पाणी घट्ट धरून ठेवते, सहज सोडत नाही. तेव्हा पाणी किती आहे यापेक्षा ते किती घट्ट धरलेलं आहे, ते मिळवायला किती जोर लावावा लागतो, हा खरा प्रश्न. पाठ्यपुस्तकात याला जलविभव म्हणतात आणि तो उणे आकड्यात लिहितात. आपण आज साध्या भाषेत ‘ओढ’ म्हणू आणि आकडा सरळ घेऊ. शुद्ध, मोकळ्या पाण्याची ओढ शून्य. पाणी नेहमी कमी ओढीकडून जास्त ओढीकडे जातं, एवढा एकच नियम.

मोजमाप बारमध्ये करू. एक बार म्हणजे जवळजवळ आपल्या डोक्यावरच्या हवेचा दाब. मोटारीच्या टायरमध्ये साधारण दोन बार असतात. वाफशावरच्या जमिनीची ओढ बारच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. त्याच वेळी भर दुपारी वेलीच्या पानाची ओढ असते आठ-दहा बार. आणि बाहेरची हवा? सापेक्ष आर्द्रता पन्नास टक्के असेल तर हवेची ओढ निघते साडेनऊशे बारच्या घरात. उन्हाळ्यातल्या कोरड्या दुपारी त्याच्याही दुप्पट. बघा, जमीन पाव-अर्धा बार, पान दहा बार, हवा हजाराच्या घरात. वेल या ओढाताणीच्या मधोमध उभी आहे. वरून हवा खेचते आहे, खालून माती सोडत नाही. मुळानं घेतलेल्या पाण्यातलं नव्वद टक्क्यांहून कितीतरी जास्त पाणी पानांतून हवेत जातं, अंगी लागतो तो अगदी किरकोळ भाग.

हे कळलं की क्षाराचं कोडंही सुटतं. समुद्राच्या पाण्याची ओढ त्यातल्या मिठामुळे पंचवीस बारच्या आसपास असते. कोकणातल्या खाडीतली कांदळवनं पाण्यात उभी असूनही त्यांना ते पाणी मिळवायला याहून जास्त जोर लावावा लागतो. आपल्या विहिरीचं पाणी जड झालं, बोदावर पांढरा थर यायला लागला, की आपली वेलही थोड्या प्रमाणात त्याच संकटात असते. माती ओली दिसते आणि वेल तहानलेली असते.

ही गोष्ट माणसाला कळली कशी

गंमत म्हणजे या शास्त्राच्या जन्माला द्राक्षवेलच साक्षी आहे. इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स नावाचे एक पाद्री होते. 1727 साली त्यांचं ‘व्हेजिटेबल स्टॅटिक्स’ हे पुस्तक आलं. त्यांनी कुंडीतल्या सूर्यफुलाची माती झाकून टाकली आणि सकाळ-संध्याकाळ कुंडी वजन करून रोज किती पाणी उडतं ते काढलं. छाटलेल्या द्राक्षवेलीच्या खोडाला काचेच्या नळ्या जोडल्या, तर रस वीस फुटांहून वर चढला. छाटणीनंतर काडीच्या टोकातून थेंब गळतात, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. हेल्स यांनी त्या थेंबांमागचा दाब मोजला.

पण नीट लक्ष द्या. हा मुळांचा दाब पानं नसताना दिसतो. भर दुपारी, पानं असलेली काडी कापा. थेंब येणार नाही. कापलेलं टोक कोरडं दिसेल, कारण आतलं पाणी ताणलेलं होतं आणि कापल्याबरोबर ते आत सरकलं. तुटलेलं रबर मागे जावं तसं. पाणी खालून ढकललं जात नाही, वरून ओढलं जातं, आणि पाण्याचे कण एकमेकांना इतके घट्ट धरतात की ही ओढ पानापासून मुळापर्यंत न तुटता पोचते, हा सिद्धांत डब्लिनच्या हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी 1894 साली मांडला. आपले जगदीशचंद्र बोस यांनीही 1923 मध्ये रस चढण्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांचं म्हणणं होतं की खोडातल्या जिवंत पेशींच्या स्पंदनामुळे रस वर चढतो. या एका मुद्द्यावर काळानं डिक्सन-जोली यांच्या बाजूनं कौल दिला. पण झाडाची सूक्ष्म हालचाल शेकडो-हजारो पटीनं मोठी करून कागदावर उमटवणारं यंत्र बोसांनी बनवलं. झाडाला विचारलं तर ते उत्तर देतं, फक्त ते वाचायला साधन हवं, ही त्यांची दृष्टी आजही आपल्या कामाची आहे.

मग ओढ मोजायची कशी? 1965 साली पर शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सोपा उपाय जगापुढे ठेवला. उंच झाडांच्या शेंड्याची डहाळी मिळवायला त्यांनी नेमबाजाकडून बंदुकीनं ती पाडून घेतली होती! विचार इतकाच. कापल्यावर पाणी जितक्या ओढीनं आत गेलं, तितकाच दाब बाहेरून दिला तर ते पुन्हा टोकाशी येईल. तो दाब वाचा. तीच वेलीची ओढ.

दाबपात्र: हाताळायचं कसं

या यंत्राला प्रेशर चेंबर म्हणतात, आपण दाबपात्र म्हणू. जाड धातूचं, घट्ट झाकणाचं एक लहान भांडं, दाब दाखवणारं घड्याळ आणि नायट्रोजनची टाकी. हातपंपावर चालणारंही मिळतं. कृती सांगतो.

वेलीच्या मधल्या भागातलं, पूर्ण वाढलेलं, निरोगी पान निवडायचं. ते वेलीवरच असताना प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचं, वर चंदेरी फॉइल, आणि तासभर तसंच ठेवायचं. अंधारात आणि बंद हवेत पानाचा खर्च थांबतो आणि त्याची ओढ खोडाच्या ओढीशी जुळते. म्हणजे आपण एका पानाची लहर मोजत नाही, सबंध वेलीची स्थिती मोजतो. मग धारदार ब्लेडनं देठ एका घावात कापायचा. पिशवीसकट पान भांड्यात, देठाचं कापलेलं टोक झाकणाच्या रबरातून बाहेर. हळूहळू गॅस सोडायचा. भिंगातून टोकाकडे पाहत राहायचं, पण बाजूनं, डोळ्यावर चष्मा लावून. दाबाखालचा देठ गोळीसारखा उडू शकतो. टोक एकाएकी ओलसर, चकचकीत दिसलं की गॅस बंद आणि आकडा वाचा. कापण्यापासून वाचण्यापर्यंत मिनिट-दोन मिनिटांत उरकायला हवं. एका तुकड्यात चार-सहा वेली तरी घ्याव्यात, एका पानावर निर्णय करू नये.

वेळा दोन. एक भर दुपारची, साधारण साडेबारा ते तीन. दुसरी पहाटेची, सूर्य उगवायच्या आत. रात्री पर्णरंध्रं मिटतात, वेल आणि जमीन यांची रात्रभर समजूत होते आणि पहाटेला वेलीची ओढ जमिनीच्या ओढीला येऊन टेकते. पहाटेचा आकडा सांगतो, रात्रभरात वेल सावरली का. दुपारचा सांगतो, दिवसाचं ओझं ती कसं पेलते. पण ठिबकच्या बागेत पहाटेच्या आकड्यानं फसू नका. वेल रात्री मुळांच्या टापूतल्या सर्वांत ओल्या भागाशी जुळते. ड्रीपरखालचा हातभर गोळा ओला असला की पहाटेचा आकडा छान येतो, बाकीची मुळं कोरडी का असेनात. म्हणून ठिबकवर दुपारचा, पिशवीतल्या पानाचा आकडा जास्त भरवशाचा.

वाइनच्या द्राक्षांवर फ्रान्समध्ये जे काम झालं, त्यातून काही ढोबळ पायऱ्या वापरात आल्या आहेत. दुपारी खोडाची ओढ सहा बारच्या आत असेल तर ताण नाही. सहा ते नऊ हलका ताण. नऊ ते अकरा मध्यम. अकरा ते चौदा म्हणजे मध्यमाकडून तीव्रतेकडे. चौदाच्या पुढे वेल संकटात. पहाटेची ओढ दोन बारच्या आत चांगली, आठच्या पुढे फार वाईट. हे आकडे आपण पायरी म्हणून घ्यावेत, कायदा म्हणून नाही. आपलं ऊन वेगळं, खुंट वेगळा, वर्षातून दोन छाटण्यांची रीत वेगळी. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी भरपूर पाणी असलेल्या वेलीचा आकडाही चढतो. काही जाती सावध असतात, लवकर रंध्रं मिटतात आणि आकडा फार चढू देत नाहीत. काही उधळ्या असतात. म्हणून आकड्याबरोबर तारीख, वेळ, तापमान आणि छाटणीपासूनचा दिवस लिहिलाच पाहिजे.

आकडा मिळाला. पुढे काय?

आता आमच्या विषयाकडे येतो. समजा दोन बागांत एकाच दुपारी दहा बार आकडा आला. दोघांनी पाणी सोडायचं का?

विंचूरला हा प्रश्न पुस्तकी नाही. 2001 साली राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, इथे वाइन पार्क झालं. म्हणजे या परिसरात दोन तऱ्हेची बागायती शेजारी शेजारी आहे. एकाला निर्यातीचं खायचं द्राक्ष करायचंय. त्याला मणी फुगवायचाय, प्रत्येक मिलिमीटरला भाव आहे. मणी सेट झाल्यावर दहा बारचा ताण त्याला परवडत नाही, कारण त्या काळात खुंटलेला मणी नंतर कितीही पाणी दिलं तरी पूर्ण भरून निघत नाही. दुसऱ्याला वाइनचं द्राक्ष करायचंय. त्याला मणी लहान आणि रस दाट हवाय, फांदीची नुसती वाढ नकोय. त्याला तोच दहाचा आकडा मानवतो. आणि पहिल्याच बागायतदाराला खरड छाटणीनंतर चाळीस ते साठ दिवसांच्या सुमारास, काडीच्या डोळ्यात घडाची जडणघडण होते तेव्हा, पाणी आवरतं घेऊन शेंडा थोपवायचा असतो. तेव्हा थोडा ताण त्यालाही हवा असतो.

डाळिंबवाल्यांना हे सांगायला नको. सटाणा, देवळ्याकडे बहार धरायचा म्हणजे आधी ताण द्यायचा. ‘ताण देणे’ हा आपल्या शेतकऱ्याचा शब्द आहे, आणि त्यात ‘देणे’ आहे हे लक्षात घ्या. ताण हा नुसता अभाव नाही, तोही मोजून देण्याची गोष्ट आहे.

म्हणजे यंत्र ‘किती’ ते सांगतं, ‘पुरे की नाही’ ते सांगत नाही. ‘पुरे’ हे आपण काय पिकवायला निघालो आहोत, कोणत्या दिवशी, त्यावर ठरतं. मोजमाप आलं म्हणजे शेतकऱ्याचं शहाणपण संपलं, असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. आणि ‘आम्हाला बघूनच कळतं, आकडे कशाला’ म्हणणाऱ्यांना उत्तर आमच्या अर्ध्या एकरानं दिलेलं आहे.

इतर वाटा

दाबपात्र नसेल तर? आणखी वाटा आहेत, थोडक्यात बघू.

पहिली, पानाचं वजन. पान तोडून लगेच वजन करा. मग देठ पाण्यात बुडवून, अंधारात चारेक तास ठेवा, पान पिऊन तट्ट होईल. पुसून पुन्हा वजन. मग भट्टीत सत्तर-ऐंशी अंशावर पूर्ण वाळवून तिसरं वजन. समजा ताजं 2.40 ग्रॅम, तट्ट 2.70, कोरडं 0.60. पानात पाणी होतं 1.80, मावलं असतं 2.10. म्हणजे शंभरातले सुमारे 86 टक्के. याला सापेक्ष जलांश म्हणतात. यंत्र साधं, सोनाराच्या काट्यासारखा काटा पुरतो. शाळा-महाविद्यालयातली मुलं करू शकतात. उणीव ही की उत्तर दुसऱ्या दिवशी मिळतं.

दुसरी, पानाची उष्णता. माठातलं पाणी गार का राहतं? झिरपून उडतं म्हणून. पान हा माठच आहे. पाणी उडत असेल तर पान हवेपेक्षा गार, रंध्रं मिटली की तापायला लागतं. 1981 साली अमेरिकेत ॲरिझोनामध्ये इड्सो आणि जॅक्सन यांनी यावरून शून्य ते एक असा ताणाचा निर्देशांक बसवला. आज हातात धरायच्या इन्फ्रारेड तापमापकानं, ड्रोननं हे करता येतं. मात्र दमट, ढगाळ दिवशी माठही गार होत नाही, तसंच इथेही. उपग्रहाचंही ऐकता तुम्ही. अंतराळ स्थानकावरचं इकोस्ट्रेस हे उपकरण 2018 पासून जमिनीची उष्णता टिपतं, पण त्याचा एक ठिपका सुमारे सत्तर मीटर लांब-रुंद. म्हणजे एकराहून मोठा. तुमची बाग, बांध आणि शेजाऱ्याचा कांदा, सगळं एकाच ठिपक्यात.

तिसरी, खोडावर बसवायची साधनं. खोड दिवसा किंचित आक्रसतं, रात्री फुगतं. केसाइतकी ही हालचाल मोजतात. किंवा खोडाला किंचित ऊब देऊन रस किती वेगानं वाहतो ते बघतात. पान तोडावं लागत नाही, रात्रंदिवस नोंद होते, हा त्यांचा मोठा गुण.

यातलं कोणतंही साधन ओढ किंवा तहान ‘दाखवत’ नाही. सगळीच अनुमानं आहेत. फरक इतकाच की यांचे हेतू जास्त पारखलेले आहेत, आणि दोन वेगळ्या वाटांनी आलेलं उत्तर जुळलं की आपला भरवसा वाढतो. त्या दिवाळीत आम्ही पानाबरोबर कुदळही विचारायला हवी होती.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: सर, वीज रात्री येते. आम्ही वीज आली की पाणी सोडतो. वेलीला विचारून काय करू?*

अगदी खरं आहे, आणि याला आमच्याकडे गोड उत्तर नाही. वेल कधी मागते आणि वीज कधी येते, यांचा मेळ नाही. पण एक बघा. वीज येते म्हणून आपण सोडतो, ‘पुन्हा मिळेल की नाही’ या भीतीनं जास्त सोडतो. तीन दिवसांची बेगमी एका रात्रीत. काळ्या जमिनीत ते मुळांना सोसत नाही. आकडा हाती असेल तर आज वीज असूनही सोडायचं नाही, हे धाडस करता येतं. ते न सोडलेलं पाणी विहिरीतच राहतं आणि मार्चमध्ये कामाला येतं.

*प्रश्न: हे यंत्र एकट्याला परवडायचं नाही.*

एकट्यानं घेऊच नये. फवारणीचं यंत्र एकट्याला लागतं, हे नाही. गटाचं एक, आणि ते चालवायला गावातली दोन मुलं-मुली शिकवून तयार. मांजरीला द्राक्ष संशोधन केंद्र आहे, राहुरीला विद्यापीठ आहे, तिथल्या शास्त्रज्ञांचा सल्ला घेऊन आपल्या जमिनीचे, आपल्या जातींचे आकडे दोन-तीन हंगाम लिहा. ते टिपण हीच खरी मिळकत.

*प्रश्न: उद्या सकाळपासून काही न विकत घेता काय करू?*

तीन गोष्टी. एक, दोन-चार वेलींची एक साक्षीदार जागा ठेवा, जिथे वाफसा कधी मोडू द्यायचा नाही आणि पाणीही तुंबू द्यायचं नाही. बाकीची बाग तिच्याशी ताडून बघा. शेंडा, बाळी, पेऱ्याची लांबी. दोन, दुपारी मान टाकलेल्या वेलीला फीत बांधा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला जाऊन बघा. पानं सावरलेली असतील तर घाई नको. पहाटेही लोंबत असतील तर काहीतरी गंभीर आहे. तीन, ते गंभीर काय आहे हे ठरवायच्या आधी कॉकला हात लावू नका, कुदळ घ्या. वीतभर खाली माती बघा, हुंगा, मुळीचा रंग बघा. मग ठरवा.

आमचे दादा आता नाहीत. पुतण्या बाग बघतो. त्याच्या फोनवर जमिनीच्या ओलीचे आकडे येतात, पण पंप चालू करायच्या आधी तो अजूनही खालच्या ओळीला जाऊन एक कुदळ मारतो. त्याला हे कुणी शिकवलं, ते आम्ही विचारलं नाही.

पुढच्या वेळी जड पाण्याचा आणि क्षारांचा विषय घेऊ. येताना आपापल्या विहिरीच्या पाण्याची एक एक बाटली भरून आणा.